तुम्ही विचारलंत म्हणून: रांगेत का उभ्या राहता?

'आषाढीला पंढरपूरला जाता ते ठीक. पण पदस्पर्शाच्या रांगेत पंधरा-वीस तास कशाला उभ्या राहता? मुखदर्शन लवकर होतं, कळस तर लांबूनही दिसतो.' पुतण्या विचारतो, शेजारीण विचारते, गुडघे तपासणारे डॉक्टर तर जरा रागानेच विचारतात.

प्रश्न रास्त आहे. पायी आलेले कितीतरी वारकरी चंद्रभागेत स्नान करतात, नामदेव पायरीशी डोकं टेकतात, कळसाला हात जोडतात आणि परत फिरतात. त्यांची वारी माझ्याहून तसूभरही कमी नाही. मी रांगेत राहते, कारण तिथल्या गप्पा मला दुसरीकडे कुठे मिळत नाहीत.

शेपूट गोपाळपूर रस्त्यावरच्या पत्राशेडांच्याही मागे गेलेलं असतं. सुरुवातीला सगळे अंग चोरून उभे. मग एखादी आजी मिसरीची डबी काढते, 'कुठलं गाव गं तुजं?' म्हणते आणि संध्याकाळपर्यंत तिच्या तिन्ही सुनांचे स्वभाव मला पाठ झालेले असतात. भांडणंही होतात, पण बेतानं. 'माउली, कोपर आवरा.' 'आवरतो माउली, तुमची पिशवी माझ्या पायावरनं उचला आधी.' शिवी ओठावर आलेली असते, पण माउली म्हटल्यावर ती घालायची कुठे?

रात्री बरीच मंडळी पिशवी उशाला घेऊन पेंगत असतात. तेवढ्यात पुढून आरोळी येते, 'सुटली, सुटली!' सगळे धडपडून उठतात, पिशव्या, चपला, पोरं गोळा करतात. रांग दोन पावलं सरकते. पुन्हा बैठक. एकदा तर आमच्या मागचे आजोबा ठामपणे म्हणाले, 'मी आता देव दिसल्यावरच उठणार.'

बायकांची खरी कसोटी वेगळीच. लघवीला जावं लागू नये म्हणून कितीजणी पाणीच पीत नाहीत. व्यवस्था आता पुष्कळ सुधारली आहे, पण बाहेर पडलं की जागा कोण धरणार, ही धास्ती असतेच. ती धरणारी शेजारीण मिळाली की निम्मं पंढरपूर गाठलं.

एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्र्यांची महापूजा असते. रांगेतल्या एका वारकरी जोडप्याला त्यांच्याबरोबर पूजेचा मान मिळतो, वर एसटीचा वर्षभराचा मोफत पास. 'आपला लागंल का वो नंबर?' असं आमच्यात कुणीतरी विचारतंच. उत्तर ठरलेलं: 'लागंल की, कार्तिकीला.'

कंटाळलेल्या पोरांना मी एक गोष्ट सांगते. या रांगेत उभं राहणंही सगळ्यांच्या वाट्याला नव्हतं. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, बाहेर. हे दार दलितांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात इथे पंढरपुरातच उपोषण केलं. आज पुढचा-मागचा कोण, हे रांगेत कुणी विचारत नाही. मधे घुसणाऱ्याला मात्र सगळे मिळून विचारतात!

शेवटी पायांवर डोकं ठेवायला मिळतात काही क्षण. ठेवलं न ठेवलं तोच सेवेकरी 'चला, चला' म्हणून पुढे काढतात. मला त्याचा राग येत नाही. मागे ती मिसरीवाली आजी असते ना.

आणि उभं राहण्याचं म्हणाल, तर देवाचीही सुटका नाही. आषाढीच्या आधी त्याचा पलंग काढतात, पाठीला लोड देतात आणि दर्शन चोवीस तास सुरू होतं. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाला गरम पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून रात्री काढा देतात.

आमचा काढा घरी. त्याआधी पंढरपूर स्टँडवर एसटीची रांग असते, आणि तिथे कुणी कुणाला माउली म्हणत नाही.