तिसरे बोट

चंद्रपूर जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात मी दंतचिकित्सक आहे आणि महिन्यातून दोनदा आसपासच्या शाळांत जाऊन मुलांशी तंबाखू व कर्करोगाविषयी बोलते. "खर्रा खाल्ल्याने काय होते?" असे विचारले की सारा वर्ग एका सुरात "कॅन्सर" म्हणतो. त्या एकसुरी उत्तरावर मी फार काळ समाधान मानले, याचे आज वाईट वाटते.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात मी मुलांना स्वतःची तीन बोटे जुळवून, उभी धरून, समोरच्या दातांमध्ये घालायला सांगितले. तोंड पुरेसे उघडते की नाही, हे पाहण्याची ही सोपी रीत आहे. मुले हसत होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र दोन बोटांवरच अडला होता आणि तिसरे बोट आत रेटत होता.

त्याला चारचौघांत काही विचारायचे नाही, एवढे भान मी ठेवले. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या खोलीत तपासले, तेव्हा गालाची आतली बाजू पांढरट पडलेली होती आणि बोटाला दोरीसारखे ताठ पट्टे लागत होते. घरची भाजी कितीतरी दिवसांपासून झोंबते, असे तो म्हणाला. "पण मी खर्रा नाही खात जी मॅडम, नुसती सुपारीच खातो."

तो खरेच बोलत होता. आजोबांसाठी सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून खर्रा करण्याचे काम त्याच्याकडे होते. तंबाखू वाईट, हे शाळेत शिकल्यामुळे तो त्यातली सुपारी तेवढी आधीच वेगळी काढून दिवसभर चघळत असे. सुपारी तंबाखूशिवायही माणसात कर्करोग घडवते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 सालीच जाहीर केले आहे. तिच्यातील अरेकोलीनमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साठत जातात, तोंड आखडते आणि अशा काही तोंडांत पुढे कर्करोग होतो. पण पूजेच्या ताटात आणि जेवणानंतरच्या डब्यात असणाऱ्या सुपारीला कोण भिणार? शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास 2003 च्या कायद्याने मनाई आहे. साधी सुपारी त्यात येत नाही. माझ्या तक्त्यांवरही सुपारीचा एक शब्द नव्हता. त्याच आठवड्यात मी ते बदलले, आणि आता बोलण्याची सुरुवात सुपारीपासूनच करते.

आखडलेले तोंड पूर्ववत होईल, असे आश्वासन मी त्याला दिले नाही. सुपारी थांबवली तर आजार वाढण्याचा धोका कमी होतो आणि व्यायामाने थोडाफार फरक पडतो, इतकेच सांगितले. पहिल्या दिवशी तोंड 27 मिलिमीटर उघडत होते, सहा महिन्यांनी 30 भरले. त्या दिवशी आजोबा सोबत होते. नातवाचे माप घेईपर्यंत ते दारात उभे राहिले, मग बाहेर जाऊन चूळ भरून आले आणि न सांगता खुर्चीत बसले.