व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचे नियोजन: आधी राखीव दिवस, मग फुले

येत्या ऑगस्टमध्ये उत्तराखंडमधल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यानात जायचे, असे आमच्या घरात ठरले आहे. ताई, दाजी, भाचा आणि मी असे चौघे आहोत. मी पूर्वी तेथे जाऊन आले असल्यामुळे नियोजनाचे काम साहजिकच माझ्या गळ्यात पडले, आणि तेव्हापासून प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो आहे: फुले नक्की कधी असतात? प्रश्न रास्त आहे. परंतु या सहलीचे नियोजन फुलांपासून सुरू केले की ते हमखास फसते, असे माझे मत आहे. सुरुवात रस्त्यापासून करावी, मग उंचीचा हिशेब मांडावा आणि फुलांचा विचार त्यानंतर करावा.

तरीही आधी त्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकते. उद्यान साधारणपणे १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते. जूनमध्ये वाटेवरच्या नाळांत बर्फ साचलेले असते आणि फुले तुरळक असतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत खोरे ऐन बहरात असते. सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरतो, आकाश मोकळे होते, शिखरे दिसू लागतात, पण बरीचशी झाडे बी धरून पिवळी पडायला लागलेली असतात. म्हणजे बहराचा काळ आणि मुसळधार पावसाचा काळ एकच. ज्याला फुले हवीत त्याने दरडीही गृहीत धरल्याच पाहिजेत, आणि नेमकी हीच गोष्ट पुण्या-मुंबईहून आखलेल्या वेळापत्रकांत कोठे दिसत नाही. १५ ऑगस्टला जोडून येणाऱ्या सुट्या तर मी सरळ टाळल्या आहेत, कारण त्या दिवसांत खोऱ्याखालच्या घांघरिया या मुक्कामाच्या गावात खोली मिळवण्यातच निम्मी शक्ती खर्च होते.

आता रस्त्याविषयी. ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर आहे, आणि हे अंतर आपल्याकडच्या महामार्गाच्या हिशेबाने मोजू नये. सकाळी लवकर निघाले तरी दिवस त्यातच जातो. देवप्रयागपर्यंत गंगेच्या आणि तेथून पुढे अलकनंदेच्या काठाने श्रीनगर, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, चमोली, पिपळकोटी अशी गावे घेत रस्ता चढत जातो. स्थानिक चालकांच्या तोंडी काही नावे सतत असतात: श्रीनगर आणि रुद्रप्रयागच्या मधला सिरोबगड, पिपळकोटीच्या पुढचा पागलनाला, आणि जोशीमठच्या पुढचे, घांघरियाची वाट जेथून सुटते ते गोविंदघाट ओलांडल्यावर बद्रीनाथच्या वाटेवरचा लांबगड. ही दरडींची जुनी ठिकाणे आहेत. डोंगराचा उतार तीव्र, माती-दगड सैल, त्यात रुंदीकरणासाठी पायथा कापलेला. रात्रभर पाऊस लागला की सकाळी तेथे रस्त्याच्या जागी चिखल-धोंड्यांचा ढीग पडलेला असतो. मागच्या वेळी पागलनाल्यापाशी आम्ही असेच अडकलो होतो. पलीकडे जेसीबी एकेक खेप मारून दगड नदीच्या बाजूला ढकलत होता, अलीकडे गाड्यांची लांबच लांब रांग होती, आणि त्या रांगेच्या कडेने एक मुलगा लिंबू पिळलेले, तिखट-मीठ चोळलेले मक्याचे भाजके कणीस विकत फिरत होता. वाहनांत बसलेल्यांपैकी ज्यांची त्याच रात्री हरिद्वारहून गाडी होती त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

या भूभागाचा अलीकडचा इतिहासही नियोजन करणाऱ्याने लक्षात ठेवावा. जून २०१३ च्या महापुरात केदारनाथची बातमी झाली, परंतु त्याच पुराने गोविंदघाट आणि घांघरियाच्या वाटेवरच्या भ्यूंडार गावाचीही मोठी हानी केली आणि घांघरियाला जाणारी वाट, पुलांसह, अनेक ठिकाणी वाहून गेली. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठातील घरांना तडे जाऊन शेकडो कुटुंबांना हलवावे लागले. मार्च २०२५ मध्ये डोंगर कोसळून गोविंदघाटचा अलकनंदेवरचा पूल मोडला आणि यात्रेचा हंगाम सुरू होण्याआधी तेथे बेली पूल, म्हणजे तयार लोखंडी भाग जोडून झटपट केलेला पूल, उभारावा लागला. म्हणून दोन वर्षांपूर्वी कोणी जाऊन आलेल्याची माहिती, माझ्या स्वतःच्या माहितीसकट, निघण्यापूर्वी पुन्हा ताडून पाहिलीच पाहिजे.

या सगळ्यातून माझा नियम तयार झाला आहे: पावसाळ्यात गढवालला, म्हणजे उत्तराखंडच्या या डोंगराळ भागात, जाताना दोन राखीव दिवस हाताशी नसतील तर जाऊच नये. बहुतेक आयोजकांचा कार्यक्रम हरिद्वार ते हरिद्वार सहा-सात दिवसांचा असतो, आणि त्यात प्रत्येक दिवसाला काम नेमून दिलेले असते. एक दिवस रस्ता बंद राहिला की पहिला बळी जातो तो खोऱ्याचा, म्हणजे ज्यासाठी आपण गेलो त्याचाच. मी एक राखीव दिवस घांघरियात ठेवला आहे आणि दुसरा परतीच्या वाटेवर, रेल्वेच्या आदल्या दिवशी. भाच्याच्या दृष्टीने ही रजेची उधळपट्टी आहे. "मावशी, काही झालं नाही तर त्या दिवशी आपण करायचं काय?" असे तो विचारतो. काही झाले नाही तर ऋषिकेशला गंगेकाठी बसायचे, हे माझे उत्तर त्याला अद्याप पटलेले नाही. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधीच उघडते, त्यामुळे परतीची तारीख ठरवायला थोडा अवधी आहे आणि वादालाही.

उंचीचा हिशेब याहून नाजूक आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, जोशीमठ सुमारे १,८९० मीटरवर, घांघरिया ३,०५० मीटरच्या आसपास आणि तेथून वर असलेले हेमकुंड हे शिखांचे तीर्थ ४,३२९ मीटरवर. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे सह्याद्रीत कितीही भटकंती केलेली असली तरी जोशीमठच्या पलीकडच्या उंचीचा अनुभव आपल्या शरीराला नसतो. भाच्याला हे सांगून पटत नाही, कारण तो राजगड-तोरणा एका दमात करणारा आहे. परंतु विरळ हवेचा त्रास तंदुरुस्ती पाहून होत नाही, उलट जोमाने चढणाऱ्या तरुणांनाच तो पुष्कळदा आधी गाठतो. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असे सांगतात. जोशीमठहून घांघरियाला जाताना एका दिवसात अकराशे मीटरहून अधिक उडी घ्यावी लागते आणि मध्ये सोयीचा मुक्काम फारसा नाही. त्यावर उपाय एवढाच की जोशीमठची रात्र टाळून हरिद्वारहून थेट पुढे रेटायचे नाही, घांघरियात पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी हेमकुंडला न जाता आधी खोऱ्यात जायचे, आणि हेमकुंड त्यानंतर करायचे. खोरे ३,३०० ते ३,६०० मीटरच्या पट्ट्यात आहे. तेथे दिवस घालवून रात्री पुन्हा घांघरियात झोपायला उतरले की शरीर सरावते. अनेक यात्रेकरू घाईत हा क्रम उलटा करतात आणि डोके धरून बसतात. दाजींना रक्तदाबाची गोळी चालू असल्यामुळे त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीट काढायचे नाही, ही अट मी घातली आहे. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची की नाही हेही तेच ठरवतील, शेजाऱ्यांनी सुचवली म्हणून नव्हे.

गोविंदघाटहून पुलना गावापर्यंत आता जीप जाते. पुलनापासून घांघरियापर्यंतची नऊ-दहा किलोमीटरची वाट लक्ष्मणगंगेच्या काठाने जाते. ती दगडी फरसबंदीची आहे, रुंद आहे, चुकण्याचा प्रश्नच नाही. त्रास असतो तो खेचरांचा. हेमकुंडचे यात्रेकरू, गॅसच्या टाक्या, बटाट्याची पोती, सगळे याच वाटेने खेचरांवरून वर जाते. पावसाने ओल्या झालेल्या दगडांवर लीद पसरलेली असते आणि तिच्यावरून पाय सटकतो. घुंगरांचा आवाज कानी पडला की डोंगराच्या बाजूला सरकून उभे राहायचे, दरीच्या बाजूला कधीही नाही, हे मी ताईला आत्तापासून बजावते आहे, कारण भरल्या पाठीचे खेचर आपल्याला धक्का देताना थांबून विचार करीत नाही. ताईचे गुडघे पाहता परतीच्या उतारासाठी तिच्यासाठी खेचर करावे असे वाटते. ती नाही म्हणते आहे, आणि रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढून-उतरून आम्हाला दाखवणार आहे.

घांघरियाच्या पुढे थोड्याच अंतरावर वाट फुटते: उजवीकडची हेमकुंडला जाते, डावीकडची वनखात्याच्या चौकीवरून उद्यानात. चौकीवर परवाना घ्यावा लागतो. आत खेचरांना मज्जाव आहे, मुक्काम करता येत नाही, दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळच्या आत परतावेच लागते. म्हणून खोऱ्यासाठी दोन दिवस ठेवावेत, असा माझा आग्रह आहे. पहिल्या दिवशी धुके असले तर समोरच्या दहा पावलांपलीकडे काही दिसत नाही आणि तसेच परत यावे लागते. पुष्पावती नदीवरचा पूल ओलांडला की भूर्जवृक्षांच्या जंगलातून दमछाक करणारा चढ लागतो, आणि तो संपला की खोरे एकाएकी उघडते. पहिल्या दिवशी घाईने टोक गाठण्याचा प्रयत्न न करता कडेकडेच्या दगडांत पाहत चालावे. निळी हिमालयीन खसखस अशाच खडकाळ जागी असते. तिच्या देठावर सोनेरी काटेरी लव असते आणि पाकळ्या पावसाने भिजलेल्या टिपकागदासारख्या नाजूक दिसतात. नदीकडच्या ओलसर उतारावर तेरड्याच्या कुळातली उंच गुलाबी झाडे दाटलेली असतात. त्यांना पाहून आपल्याकडचा श्रावण आठवल्यावाचून राहत नाही.

१९३१ मध्ये कामेत शिखरावरून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्याचे सहकारी या खोऱ्यात उतरले, स्माइथ १९३७ मध्ये पुन्हा आला आणि त्याच्या लेखनामुळे खोऱ्याचे आजचे नाव जगभर झाले. अर्थात भ्यूंडारचे लोक पिढ्यान्पिढ्या तेथे गुरे-मेंढरे नेत होतेच. १९३९ मध्ये फुलांचे नमुने गोळा करायला आलेल्या जोन मार्गारेट लेग उतारावरून घसरून मरण पावल्या. त्यांची समाधी खोऱ्यात आहे आणि दुसऱ्या दिवशी तेथपर्यंत चालत जाण्याचा माझा बेत आहे. १९८२ मध्ये सुमारे साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र राष्ट्रीय उद्यान झाले, त्यानंतर चराईवर बंदी आली आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या वारशात त्याचा समावेश झाला. चराई थांबल्यावर स्थानिक लोक ज्याला अमेला म्हणतात ती उंच वाढणारी वनस्पती माजली आणि लहान फुलझाडांना झाकू लागली, तेव्हा वनखात्याला ती उपटण्याचे काम हाती घ्यावे लागले. बंदी योग्य की अयोग्य, यावर अभ्यासकांत एकमत नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर कुंपण असावे की गुरे चरू द्यावीत हा वाद ऐकलेल्यांना हे सगळे ओळखीचे वाटेल. मला विचाराल तर ज्यांची गुरे तेथे चरत होती त्यांचे म्हणणे आधीच अधिक ऐकायला हवे होते.

हेमकुंडचा चढ सहा किलोमीटरचा आणि सुमारे १,२८० मीटरचा आहे, म्हणजे पायथ्यापासून सिंहगड दोनदा चढण्याइतका, आणि तोही जेथे समुद्रसपाटीच्या मानाने साठ टक्क्यांच्या आसपासच प्राणवायू मिळतो अशा हवेत. शीख परंपरेत हे गुरू गोविंदसिंगजींच्या पूर्वजन्मातील तपश्चर्येचे स्थान मानले जाते. ज्यांचे अखेरचे दिवस आपल्या नांदेडला गेले त्या गुरूंचे हे दुसरे टोक आहे, ही गोष्ट ताईला फार भावली. वर सरोवर आहे, गुरुद्वारा आहे, लक्ष्मणाचे मंदिर आहे, आणि लंगरात गरम खिचडी व चहा मिळतो. वर राहण्याची सोय नाही, दुपारी उतरायला लागावेच लागते. ब्रह्मकमळे खोऱ्यापेक्षा या चढाच्या वरच्या टप्प्यात खडकांच्या आडोशाला सहज दिसतात. फुले हवीत म्हणणारे पुष्कळ जण नेमका हाच टप्पा खेचरावर बसून पार करतात.

सामानाबाबत फार लिहिण्यासारखे नाही. पायाला सरावलेले बूट, पाठीवरच्या पिशवीसकट अंग झाकणारा पाँचो, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि पुरेशी रोख रक्कम. छत्रीही मी नेणार आहे, भाचा हसला तरी.

राहता राहिला बद्रीनाथचा प्रश्न. ताईचे म्हणणे असे की एवढे गोविंदघाटपर्यंत जाऊन पंचवीस किलोमीटरवरच्या बद्रीविशालाचे दर्शन न घेता परतणे बरे दिसत नाही, आणि आधी देव, मग डोंगर. माझे म्हणणे असे की बद्रीनाथ शेवटी ठेवावे, कारण लांबगडपाशी रस्ता बंद पडून आपण पलीकडे अडकलो तर घांघरियातल्या खोल्या आणि राखीव दिवस दोन्ही हातचे जातात. दाजींनी मध्यम मार्ग सुचवला आहे: हवामान खात्याचा अंदाज जोशीमठला पोहोचल्यावर पाहायचा, आकाश कोरडे असेल तर बद्रीनाथ आधी, नाहीतर शेवटी. तीन हजार शंभर मीटरवरची बद्रीनाथची एक रात्र उंचीच्या सरावाला उपयोगीच पडेल, हा मुद्दाही त्यांनी हळूच पुढे केला. तो मला खोडता आलेला नाही, त्यामुळे घांघरियाच्या खोल्या आता एक दिवस पुढे-मागे करता येतील अशा बोलीवर मिळतात का, ते या आठवड्यात फोन करून विचारणार आहे.