‘ब्रूबेकर’चे मराठी सबटायटल्स : ट्रस्टी, मुकादम आणि उरलेल्या २१२ ओळी

‘ब्रूबेकर’ या १९८० सालच्या इंग्रजी चित्रपटाचे मराठी सबटायटल्स करण्याचे काम मी गेले तीन महिने फावल्या वेळात करीत आहे. एकूण १,१९० ओळींपैकी ९७८ झाल्या असून २१२ उरल्या आहेत. गेल्या खेपेस मी पहिल्या अर्ध्या तासाविषयी लिहिले होते आणि तो भाग सोपा गेल्याचे मोठ्या ऐटीत सांगितले होते. तो सोपा जाण्याचे खरे कारण इतकेच की त्या भागात नायक फारसे बोलतच नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. वेकफील्ड नावाच्या तुरुंगात, जो तुरुंग कमी आणि मोठे शेत जास्त आहे, रॉबर्ट रेडफर्डने साकारलेला हेन्री ब्रूबेकर कैदी म्हणून दाखल होतो, मारहाण, सडके अन्न आणि वशिलेबाजी मुकाट्याने पाहतो आणि मग आपणच या तुरुंगाचे नवे प्रमुख असल्याचे उघड करतो. दिग्दर्शन स्टुअर्ट रोझनबर्गचे आहे. कथेचा आधार टॉम मर्टन या अधिकाऱ्याचे अनुभव हा आहे. १९६७-६८ मध्ये आर्कान्सा राज्यातील टकर आणि कमिन्स या दोन तुरुंग-शेतांचा कारभार त्याच्याकडे होता. मर्टन वेषांतर करून कैदी म्हणून कधीच आत गेला नव्हता, तो भाग पटकथेने रचलेला आहे. मला मात्र सबटायटल्सच्या दृष्टीने तोच सर्वांत उपयोगी पडला. त्याविषयी पुढे येईलच.

या महिन्यातील सर्वांत मोठी फजिती ‘ट्रस्टी’ या शब्दाने केली. पहिल्या मसुद्यात मी तो जसाच्या तसा देवनागरीत ठेवला होता. चाचणीसाठी पहिली चाळीस मिनिटे मामांना दाखवली, तेव्हा ते बराच वेळ शांतपणे पाहत होते आणि मग म्हणाले, “अरे, या तुरुंगात देवस्थान आहे का? मघापासून ट्रस्टी लोक बंदुका घेऊन हिंडताहेत.” त्यांचे काहीच चुकले नव्हते, कारण मराठी माणसाला ट्रस्टी म्हटले की विश्वस्त मंडळ, पावती-पुस्तक आणि वार्षिक सभा आठवते. उच्चार जवळचा असला तरी इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. तुरुंगातला ट्रस्टी म्हणजे व्यवस्थापनाने भरवशाचा मानून इतर कैद्यांवर नेमलेला कैदी.

हा शब्द चुकला तर चित्रपटच चुकतो, असे माझे ठाम मत झाले आहे. आर्कान्साच्या तुरुंगांत पगारी पहारेकरी जवळजवळ नव्हतेच. पुढे न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार कमिन्सच्या सुमारे १,००० कैद्यांमागे बाहेरचे पगारी कर्मचारी ३५ होते, त्यांतले पहाऱ्याला उपलब्ध असणारे फक्त ८, आणि रात्री कामावर असणारे केवळ २. बाकीचा सगळा पहारा हातात बंदूक दिलेल्या कैद्यांकडे होता. सरकारला तुरुंगावर पैसा खर्च करायचा नव्हता, तुरुंगाने शेती करून स्वतःचे पोट भरावे अशी अपेक्षा होती, आणि म्हणून कैद्यावर कैदीच नेमले गेले. मग कोणाला कोणते काम मिळणार, डॉक्टरपर्यंत कोण पोहोचणार, कोणाच्या ताटात काय पडणार, हे सगळे याच बंदूकधारी कैद्यांच्या हाती गेले आणि प्रत्येक गोष्टीला भाव लागला. चित्रपटातील भ्रष्टाचार हा दोन-चार दुष्ट माणसांचा उद्योग नाही, तो या रचनेतून उगवणारा आहे. त्यामुळे ‘विश्वासू कैदी’ असा गुळगुळीत शब्द मला चालणार नव्हता.

मी चार पर्याय लिहून भिंतीवर चिकटवले होते. ‘पहारेकरी कैदी’ हा अर्थाने अचूक आहे, पण धावत्या संवादात फार लांब पडतो. ‘वॉर्डर’ला आपल्याकडे इतिहास आहे : अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांमधूनच वॉर्डर, पेटी ऑफिसर, टिंडाल आणि जमादार नेमले जात, आणि त्यांचा जाच गोऱ्या साहेबापेक्षा अधिक जवळचा, म्हणून अधिक बोचरा असे. पण आज वॉर्डर म्हणजे गणवेशातला सरकारी शिपाई, त्यामुळे घोटाळा झाला असता. ‘पेटी ऑफिसर’ वाचून कोणाला पेटीवाला आठवेल याची भीती वाटली. शेवटी ‘मुकादम’वर मन स्थिरावले. ऊसतोडीच्या टोळीवरचा मुकादम आपल्या वाचकाला पुरता ठाऊक आहे. तो मजुरांमधलाच असतो, त्यांच्यावर उभा असतो, आणि कोणाला काम द्यायचे ते ठरवतो. वेकफील्डच्या शेतात रांगेने राबणारे कैदी पाहताना हा शब्द डोळ्यांना खुपत नाही. बंदूक पडद्यावर दिसतेच, ती शब्दात आणायची गरज नाही. मुकादमांच्या हाताखाली राबणाऱ्या साध्या कैद्यांसाठी मी ‘बिगारी’ वापरला आहे, आणि तो मुकादमाशेजारी बसवल्यावर आपोआप खरा वाटू लागला.

याच ओघात ‘वॉर्डन’ही बदलला, कारण आपल्याकडे वॉर्डन वसतिगृहात असतो. कागदपत्रांत आणि अधिकाऱ्यांच्या तोंडी ‘अधीक्षक’ आणि कैद्यांच्या तोंडी नुसते ‘साहेब’ अशी वाटणी केली. ‘कैदी’ऐवजी आपल्या कारागृह विभागाचा ‘बंदी’ वापरावा, अशी सूचना एका स्नेह्यांनी केली होती. परंतु ‘बंदी उठवा’ अशी ओळ पडद्यावर आली, तर पहाटे माणसे उठवायची आहेत की मनाई मागे घ्यायची आहे, हे प्रेक्षकाला दोन सेकंदांत कळणार नाही.

आता ‘तू’ आणि ‘तुम्ही’. इंग्रजीत एकच सर्वनाम असल्याने मूळ लेखकाला हा प्रश्न कधी पडलाच नसेल, पण मराठीत प्रत्येक ओळीला निर्णय घ्यावा लागतो. एकांत कोठडीतला, मनाचा तोल गेलेला वॉल्टर (ही भूमिका मॉर्गन फ्रीमनची आहे, आणि ती छोटी असूनही अंगावर येते) एका कैद्याला धरून ठेवतो आणि त्या प्रसंगात ब्रूबेकर आपली खरी ओळख सांगतो. तोवर सगळे त्याला ‘तू’ म्हणत आलेले असतात. त्यानंतर मुकादम एका क्षणात ‘तुम्ही’वर येतात, आणि त्या झटपट ‘तुम्ही’तच त्यांचा कावा दिसतो. सामान्य कैदी मात्र अडखळतात, म्हणून त्यांच्या दोन-तीन ओळी मी मुद्दाम सर्वनाम टाळून लिहिल्या. डिकी कूम्ब्स हा मुकादम (याफेट कॉटो) या नव्या साहेबावर सहजी विश्वास ठेवत नाही. त्याचा ‘तू’ मी शक्य तितका लांबवला आहे. उलट बाजूने, ब्रूबेकरने कैद्यांना काय म्हणावे यावर मी आठवडाभर अडलो. जुन्या साहेबांसारखा तोही ‘अरे-तुरे’ करू लागला तर सुधारणा कसली, म्हणून ओळख उघड झाल्यानंतर तो सर्वांना ‘तुम्ही’ म्हणतो. म्हाताऱ्या एब्रहॅम या कैद्याला तर स्वतः कैदी म्हणून वावरत असतानाही तो ‘तुम्ही’च म्हणतो. याच एब्रहॅमकडून त्याला पुरलेल्या प्रेतांविषयी कळते, आणि त्याची किंमत त्या म्हाताऱ्याला जिवानिशी मोजावी लागते.

प्रेतांच्या भागाच्या १४० ओळी या महिन्यात झाल्या. प्रत्यक्षात २९ जानेवारी १९६८ रोजी कमिन्सच्या जमिनीत तीन सांगाडे सापडले होते. ती बेवारशांची जुनी दफनभूमी आहे, असे सरकारी बाजूने सांगण्यात आले, आणि मार्च महिन्यात मर्टनला काढून टाकण्यात आले. चित्रपटात या जागी खूप बोलणे आहे, समित्या आहेत, समजुतीचे सौदे आहेत. मला तो भाग थोडा लांबलेला वाटतो, पण सबटायटल करणाऱ्याला कात्री लावण्याचा अधिकार नसतो.

सोबत वाटायच्या एका पानाच्या टिपणात ‘टकर टेलिफोन’चा खुलासा दिला आहे. हाताने फिरवायच्या जुन्या टेलिफोनच्या जनित्रातून कैद्याला विजेचे झटके देणारे हे यंत्र टकरच्या शेतावर खरोखर वापरले गेले होते, आणि लांबलेल्या झटक्यांना तिथे ‘लांब पल्ल्याचा फोन’ म्हणत. टिपणात मी त्याला ‘ट्रंक कॉल’ लिहिले. मामांना हा शब्द वाचून क्षणभर हसू आले आणि पुढची ओळ वाचल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला.

मामांनीच शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची आठवण काढली. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून सुचलेल्या त्या चित्रपटात कैद्याचे मन बदलायचे असते; इथे कैद्याच्या मनाला कोणी हातच लावत नाही, बदलायचा असतो तो हिशेब.

तांत्रिक बाजू थोडक्यात. माझी जुनी फाइल सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम्स) असलेल्या प्रतीवर बेतलेली होती आणि चित्रपट २३.९७६ चा निघाला, त्यामुळे शेवटाकडे ओळी पाच मिनिटे आधी येत होत्या. दर बदलून घेतल्यावर प्रश्न मिटला. एकदा यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरे नीट साठवणारी पद्धत) न निवडता फाइल साठवली आणि साठ ओळींची प्रश्नचिन्हे झाली. तेव्हापासून दर बैठकीनंतर वेगळी प्रत ठेवतो.

उरलेल्या ओळींत खरी अडचण शेवटच्या मजकुराची आहे. कैदी टाळ्या वाजवतात तिथे मी काहीच लिहिणार नाही. त्यानंतर पडद्यावर येते की कूम्ब्सच्या पुढाकाराने २४ कैद्यांनी खटला भरला आणि न्यायालयाने तुरुंगातली वागणूक घटनाबाह्य ठरवली. प्रत्यक्षातही १९७० साली संघराज्याच्या न्यायाधीशाने आर्कान्साची संपूर्ण तुरुंगव्यवस्था घटनाबाह्य ठरवली होती, त्यामुळे ‘बेकायदा’ असा छोटा शब्द टाकून जागा वाचवणे मला पटत नाही. ‘घटनाबाह्य’ ठेवला की दुसरी ओळ मर्यादेपेक्षा नऊ अक्षरांनी जास्त होते. सध्या ‘पुढाकाराने’ काढून ‘कूम्ब्ससह’ लिहून पाहतो आहे.