एलएची भिंत आणि आई

आईला घेऊन धाकट्या बहिणीकडे कॅलिफोर्नियात अर्वाईनला गेले होते, तिथून एका शनिवारी एलए, म्हणजे लॉस एंजेलिस. फ्रीवेवर नुसती होर्डिंग्ज, वजन घटवा, सुरकुत्या घालवा, नवीन तुम्ही व्हा, आणि बहुतेकांवर बाईचाच चेहरा. आई म्हणाली, इथे पण हेच का गं?

द ब्रॉड म्युझियममध्ये मला मुख्य म्हणजे बार्बरा क्रुगर ह्या अमेरिकन चित्रकर्तीचं काम बघायचं होतं (एन्ट्री फ्री आहे पण स्लॉट आधी बुक करा). सव्वानऊ फुटी ब्लॅक अँड व्हाइट चेहरा, मधोमध उभा दुभागलेला, अर्धा नॉर्मल अर्धा निगेटिव्हसारखा, आणि लाल पट्ट्यांवर पांढऱ्या अक्षरात, तुझं शरीर म्हणजे रणांगण. क्रुगर आधी मादमोआझेल ह्या बायकांच्या मॅगझिनमध्ये डिझायनर होती, म्हणजे बाईला थेट 'तू' म्हणायचं आणि तुझ्यात काहीतरी कमी आहे हे पटवायचं ही भाषा तिने आतून बघितलेली, आणि तीच तिने ह्या जाहिरातवाल्यांवर उलटवली. मला तर काटाच आला अंगावर.

मूळ हे पोस्टर, ९ एप्रिल १९८९ ला वॉशिंग्टनमध्ये गर्भपाताच्या हक्कासाठी मोर्चा होता त्याच्यासाठी केलेलं, न्यूयॉर्कच्या भिंतींवर चिकटवलेलं. हे आईला सांगत होते तर ती मधेच म्हणाली, ८९ म्हणजे हिचा जन्म. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, दुसरी पण मुलगीच झाली म्हणून बारशालाच सगळे सांगत होते अजून एक चान्स घे, मला कोणी विचारलंच नाही गं. हे ती आम्हाला पहिल्यांदा सांगत होती, आम्ही दोघी तिच्या शेजारी तशाच उभ्या राहिलो.

तिथून चालत लिटल टोकियो, एलएमधली जुनी जपानी वस्ती. तिथल्या गेफन कंटेम्पररी म्युझियमच्या बाहेरच्या भिंतीवर क्रुगरचेच प्रश्न आहेत, १९९० चं काम, २०१८ ला परत रंगवलं. आधीच्या डिझाइनमध्ये अमेरिकन झेंड्याची शपथ होती पण दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी अमेरिकन लोकांना त्याने काय वाटेल हे तिथल्या रहिवाशांनी सांगितलं आणि तिने ती काढली, ऐकून घेतलं हे मला फार आवडलं. बहीण एकेक प्रश्न मराठीत सांगत होती, कायद्याच्या वर कोण, विकलं कोण जातं, निवडायची मोकळीक कोणाला...

आई म्हणाली थांब, हा कुठला ते दाखव. त्या ओळीखाली जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, इथे काढ माझा फोटो, अक्षरं सगळी येऊ देत. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले.