धोमच्या पाण्यावर वारा कधी उतरतो

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस मी आणि माझा पुतण्या धोम धरणाच्या जलाशयावर विंडसर्फिंगला, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्यावर पाणी कापायला, गेलो होतो. वाईतून निघताना मोबाईलवरचा अंदाज होता: शनिवारी दुपारी दोनपासून पश्चिमेचा वारा, १२ नॉट, म्हणजे ताशी साधारण २२ किलोमीटर. अकरा वाजताच शिडं बांधून तयार. दोन वाजले, तीन वाजले, तरी कमळगडाचं प्रतिबिंब पाण्यात जसंच्या तसं. मधूनच एखादी झुळूक यायची, कधी या अंगानं, कधी त्या, की पुन्हा सामसूम.

काठावर जाळं निवडत बसलेले काका म्हणाले, "पाव्हणं, आत्ता सावलीला जावा. उन्हं कलल्याबिगर वरतीकडनं वारं उतरत न्हाई."

पावणेपाचला खोऱ्याच्या पश्चिम टोकाला पाणी काळसर झालेलं दिसलं. ती पट्टी आमच्यापर्यंत यायला दहा मिनिटंही लागली नाहीत. हवेतला कोरडेपणा गेला, अंगाला गारवा जाणवला आणि सगळीकडे पांढरे फेस उठले. अंधार पडायला लागेपर्यंत एकसारखा वारा, १४-१५ नॉटचा. इतकं सुंदर पाणी मला साताऱ्यात दुसरीकडे मिळालेलं नाही.

अंदाज तीन तास चुकला, याचं कारण समजून घ्यायला हवं. जगभराचा अंदाज काढणारी मॉडेल्स नकाशाचे साधारण ९ ते १३ किलोमीटरचे चौकोन करतात. कृष्णेचं हे खोरं त्याहून अरुंद. दक्षिणेला पाचगणीचा १३०० मीटर उंचीचा कडा, त्याच्या पाचशे मीटरहून जास्त खाली हे पाणी; चौकोनात हा चढउतार सपाट होऊन जातो. उन्हाळ्यात समुद्रावरची गार हवा दुपारी कोकणात शिरते, पण घाट चढून इकडे यायला तिला संध्याकाळ होते. मग ती खोऱ्याच्या पन्हाळीतून धरणाकडे धावते. त्याआधीच्या झुळका म्हणजे तापलेल्या उतारांवरून वर चढणारी हवा. पाचगणीचे पॅराग्लायडर त्यावरच उडतात, पण आपल्याला तिचा उपयोग नाही.

म्हणून मी आता अंदाजातली दिशा घेतो आणि वेळ स्वतः ठरवतो. दुपारनंतर महाबळेश्वरची आर्द्रता बघत राहायचं. ती झपकन वाढली की शीड बांधायला घ्यायचं. मॉडेल्सचे मुख्य हिशेब आपल्या घड्याळानं पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणांवरून सुरू होतात आणि आकडे काही तासांनी येतात, त्यामुळे रात्री पाहिलेला अंदाज निघण्यापूर्वी परत पाहा. आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या गरागरा फिरताना दिसल्या म्हणून धोमला धावू नका. त्या उघड्या पठारावर आहेत.

रविवारी वेगळंच घडलं. तीनच्या सुमारास पूर्वेला ढग कोबीच्या गड्ड्यासारखे फुगत गेले, वरचा भाग ऐरणीसारखा पसरला. अंदाजात होता तो नेहमीचा पश्चिमेचा १० नॉट. आम्ही बाहेर आलो, ते बरं झालं. वारा पूर्ण पडला आणि पाचच मिनिटांत पूर्वेकडून, म्हणजे बरोबर उलट्या दिशेनं, वळवाचा थंड झोत आला. पुतण्याचा बोर्ड शिडासकट उचलून बाभळीवर आपटला, फिन, म्हणजे बोर्डाच्या तळाचं पातं, तुटली. पाण्यात असता तर? वारा १० वरून २० नॉटवर गेला की शिडावरचा दाब चौपट होतो. वळवाच्या दिवसांत ढग उंच वाढताना दिसला, की गडगडाट ऐकू यायची वाट न बघता काठ गाठा.

पश्चिमेच्या वाऱ्यात दमलेला माणूस वाहत जातो तो थेट धरणाच्या भिंतीकडे. भिंतीपासून खूप वर, पश्चिमेला उतरा आणि परतीची ताकद राखून ठेवा. कड्याच्या पायथ्याशी वारा तुटक येतो, मधल्या पाण्यात एकसारखा. एप्रिलमध्ये पाणी ओसरलेलं असतं. काठाला गाळ आणि जुने बुंधे असतात, जाड तळाचे बूट घाला. लाइफ जॅकेटशिवाय उतरू नका आणि पाटबंधारे खात्याची परवानगी आधी काढा. सात चौरस मीटरचं शीड बांधायचं असलं तरी साडेपाच चौरस मीटरचं एक लहान शीड गाडीत असू द्या. शनिवारी शेवटचा तास आम्ही त्याच्यावरच काढला.