खान्देशातल्या घरात आधी पाणी आणि कूलर बघा, बांबूचा ब्रश नंतर

पर्यावरणपूरक घर कसं ठेवायचं याच्या टिप्स मोबाईलवर रोज येतात, बांबूचा टूथब्रश घ्या, स्टीलचा स्ट्रॉ घ्या, शॉवर पाचच मिनिटं घ्या. चांगल्याच आहेत त्या, पण आमच्या भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, नळ काही दिवसांआड येतो आणि आंघोळ बादलीनेच होते. म्हणून मला वाटतं आपल्याकडच्या घराने सुरुवात तिथून करावी जिथे आपला खरा खर्च होतो, म्हणजे पाणी आणि उन्हाळ्यातला गारवा. या दोन गोष्टी हाताशी आल्या की बाकीचं आपोआप जमत जातं.

पाण्यात सगळ्यात जास्त नासाडी होते ती नळ आल्यावर. नवीन पाणी आलं की जुनं "शिळं" झालं म्हणून पिंपं, हंडे, कळशा सगळं अंगणात ओतून मोकळं, हे मी लहानपणापासून गल्लीत बघत आलेय. झाकून ठेवलेलं, ओगराळ्याने काढलेलं पाणी दोन-तीन दिवसांत खराब होत नाही हो. तरी पिण्याला नको वाटत असेल तर नका पिऊ, कपड्यांना घ्या, फरशीला घ्या, पण मोरीत नका सोडू. सासूबाईंना मी म्हटलं, आई, झाकलेलंच होतं ना पाणी, तर म्हणाल्या, "बरं, मग हंडा तरी घासू दे वं." हंडा घासायलाच हवा, त्यात त्यांचं बरोबरच आहे. आणि ज्यांच्या नळाला तोटी नाही त्यांनी कृपा करून तोटी बसवा, पन्नास-शंभर रुपयांची वस्तू आहे, टाकी भरल्यावर तासभर गटारात वाहणारं पाणी हे हतनूर धरणातून, तापीतून उपसून आणलेलं असतं, त्याला वीज लागलेली असते, शुद्ध करायला खर्च झालेला असतो.

आरओ ज्यांच्याकडे आहे त्यांनी एकदा त्याच्या वाया जाणाऱ्या नळीखाली बादली लावून बघा. साध्या घरगुती मशीनमधे १ लिटर पिण्याच्या पाण्यामागे साधारण ३ लिटर पाणी बाहेर टाकलं जातं. ते आम्ही फरशी पुसायला आणि संडासला वापरतो. झाडांना मात्र रोज रोज ते घालू नका, बोअरचं पाणी आधीच जड, त्यात आरओने सोडलेलं पाणी आणखी क्षारांचं, कुंडीतल्या मातीवर पांढरा थर धरतो आणि झाड बसतं. मुळात नळाचं पाणी गोडं असेल, क्षार कमी असतील तर आरओची गरजच नसते, पाणी एकदा तपासून घ्या आणि मग ठरवा. वॉशिंग मशीनचं शेवटचं खंगाळलेलं पाणीसुद्धा बादलीत काढलं की अंगण आणि बाथरूम दोन्ही निघतं.

आता कूलर. यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण आपल्याकडे हल्ली घरोघरी एसी लागतोय आणि मला वाटतं एप्रिल-मे मधे बहुतेक घरांना तो लागत नाही. आपली हवा त्या दिवसांत अगदी कोरडी असते आणि कूलर कोरड्या हवेतच सगळ्यात भारी काम करतो, पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॉट खातो, घरातला कूलर दोनशेच्या आसपास. पण लोक कूलर लावून खोली बंद करून बसतात, मग ओलावा आतच साठतो, अंग चिकचिकतं, आणि म्हणतात कूलर काही कामाचा नाही. कूलर खिडकीला बाहेरून लावा आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा, हवा आत येऊन बाहेर जायला पाहिजे. गवत दर सीझनला बदला, आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा, डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवसच लागतात. जून लागला, हवा दमट झाली की कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा. एसी ज्यांना घरातल्या आजारी माणसासाठी किंवा लहान बाळासाठी लागतोच त्यांनी २४ वर ठेवा, वरचा पंखा हळू चालू ठेवा, एक-एक डिग्री खाली नेली की बिल चढतंच.

वीज वाचवण्याचं आम्हा भुसावळकरांना वेगळं सांगायला नको, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या समोरच दिसतात. एका युनिटला अर्धा-पाऊण किलो कोळसा जळतो आणि त्या केंद्राला पाणीही हतनूरचंच लागतं. म्हणजे रिकाम्या खोलीतला पंखा बंद केला तर कोळसाही वाचला आणि तापीचं पाणीही. जुना पंखा ७५ वॉटचा असतो, नवीन बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा साधारण ३० चा, आपल्याकडे पंखे आठ-नऊ महिने फिरतात त्यामुळे एकदम सगळे नाही तरी जो बिघडला तो बदलताना हाच घ्या.

गच्चीचं पण सांगते. जुनी धाब्याची घरं होती तेव्हा वर मातीचा जाड थर असायचा, दुपारी आत गेलं की गार वाटायचं. आता स्लॅब रात्री अकरापर्यंत भट्टी. त्यावर सोपा उपाय म्हणजे फाल्गुन संपता संपता गच्चीला चुना, त्यात थोडं फेविकॉल मिसळून दोन हात मारायचे, पांढरा रंग ऊन परत फेकतो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत फरक लगेच कळतो. पावसात निघून गेला तर पुढच्या वर्षी परत, खर्च फार नाही. त्याच उन्हावर आपण कुरडया, पापड, बिबडे वाळवतोच, कपडे वाळवतो, मग अंघोळीचं पाणी थंडीत सोलरवर का नको, मला तरी कळत नाही.

खाण्याचं थोडक्यात. जवळ पिकतं ते खा, सीझनचं खा. साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाने जंगल राखलं, तिथल्या चैत्राम पवारांना त्यासाठी २०२५ मधे पद्मश्री मिळाली, आणि तिथे रानभाज्यांची पाककला स्पर्धा होते. तरोटा, कर्टुली बाजारात आली की आवर्जून घ्या, त्यांना ना खत लागतं ना फवारणी. आणि घरच्या जेवणावळीला थर्माकोल तर २०१८ पासून बंदच आहे, कागदी-प्लास्टिकच्या ताटांऐवजी रावेर-यावलकडून केळीची पानं मागवा, आपल्या इथे नाही मिळणार तर कुठे मिळणार.

ओला कचरा घंटागाडीत न देता घरी जिरवणं आपल्याकडे पुण्या-मुंबईपेक्षा वेगळं आहे. तिकडे कुजून वास येण्याची तक्रार, इथे एप्रिलमधे बादली इतकी वाळते की कुजणंच थांबतं. भोकं पाडलेल्या जुन्या बादलीत भाजीची देठं, केळीची सालं आणि कडुनिंबाची वाळलेली पानं आलटून पालटून घालायची, वर ओलं गोणपाट आणि बादली सावलीत. पानं सकाळी दारात जाळणं तर बंदच करा, तो धूर शेजारच्या म्हाताऱ्या माणसांच्या छातीत जातो.

आणि पावसाळा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १००० चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, वर्षाला ६०० मिलिमीटर जरी धरला तरी ५५ हजार लिटरच्या वर पाणी आपण पाईपने गटारात सोडतो. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल करून पाणी मुरवलं आणि विहिरी-बोअरला ते दिसलं, घराच्या पातळीवर तेच करायचं. गच्चीचा पाईप खडी, वाळू, कोळशाच्या गाळणीतून बोअरच्या बाजूच्या खड्ड्यात सोडा, पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी धूळ घेऊन येतं म्हणून ते बाहेर जाऊ द्या. हे काम मे मधेच करून घ्या, एकदा मृग लागला की प्लंबर फोन उचलत नाहीत.