हिमेजीचा किल्ला बघताना वर पोचायची घाई नको

जपानमधल्या ओसाकाच्या किल्ल्याचा मनोरा १९३१ सालचा, काँक्रीटचा, आत लिफ्ट. खरा लाकडी किल्ला बघायचा तर हिमेजी. मुख्य मनोरा १६०९ मध्ये इथला सरदार इकेदा तेरुमासा याने पुरा केला, तो आजही उभा आहे.

शिन-ओसाका स्टेशनाहून शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अर्धा तास, ओसाकाहून साध्या जलद गाडीने तासभर. स्टेशनातून बाहेर पडलं की सरळ रस्त्याच्या टोकाला किल्ला दिसतो. पंधरा-वीस मिनिटं चाला. मोठी बॅग स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका, आतले जिने शिडीसारखे उभे आहेत. शेवटचा प्रवेश चारला, पण अडीच तास लागतात हे धरून निघा. मार्च २०२६ पासून बाहेरगावच्या प्रौढांना तिकीट २५०० येन.

हिशी दरवाजातून आत शिरलं की बहुतेक लोक थेट मनोऱ्याकडे सुटतात. तुम्ही आधी डावीकडे वळा. शोगून तोकुगावा इयेयासूची नात सेनहिमे हिच्याशी जोडलेला पश्चिमेचा भाग तिकडे आहे, लांबलचक लाकडी ओवरीसकट. मनोरा उतरून आल्यावर तिथे जायचा उत्साह उरत नाही.

खरी गंमत मात्र वाटेत आहे. दरवाजांची नावं इ, रो, हा, नि, हो, म्हणजे जपानी बाराखडीच्या जुन्या क्रमानं. आपल्याकडे क, ख, ग ठेवावं तशी. 'हा' ओलांडून 'नि'कडे जाताना वाट उलटी फिरते आणि मनोरा पाठीमागे जातो. पुढे एके ठिकाणी ती चक्क उतरते. चढून येणाऱ्या शत्रूला वाटावं, आपण चुकलो. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांआड लपवणाऱ्यांना हे लगेच कळलं असतं. भिंतीतल्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, गोल, तिकोनी, चौकोनी आहेत. खालच्या दगडांतही बघत चला. चिरे कमी पडले तेव्हा जुन्या शवपेट्या आणि दगडी दिवेसुद्धा बांधकामात घातले.

मनोऱ्यात बूट काढून पिशवीत घालून हातात धरावे लागतात. मोजे जाड हवेत, हिवाळ्यात फळ्या बर्फासारख्या गार पडतात. बाहेरून पाच मजले दिसतात, आत तळघर धरून सात. दालनं रिकामीच आहेत, सामान बघायच्या अपेक्षेनं गेलात तर हिरमोड होईल. बघायचे ते तळापासून वरपर्यंत गेलेले दोन मोठे खांब. त्यातला पश्चिमेचा १९५६ ते १९६४ च्या दुरुस्तीत बदलला, तोही दोन तुकडे जोडून, कारण त्यासाठी शोधलेलं अखंड लाकूड आणताना मोडलं.

चेरीच्या दिवसांत, एप्रिलच्या सुरुवातीला, नऊला दार उघडतं तेव्हाच रांगेत असा.